यंत्र आणि माणसांचा सहवास
(कुर्ला येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



यंत्रामुळे माणूस माणसाला दुरावला, अशी तक्रार आज घरोघर ऐकू येते. लोकलच्या डब्यात शेजारचा प्रवासी कानांत इयरफोन घालून बसलेला असतो आणि दहा बाय बाराच्या खोलीत चौघे चार पडद्यांकडे पाहत असतात. ही तक्रार खोटी नाही. परंतु सारा दोष यंत्राच्या माथी मारला की यंत्र कोणाच्या मालकीचे, ते कोणत्या अटींवर वापरले जाते आणि माणसाला फुरसत किती उरते, हे खरे प्रश्न नजरेआड होतात.

या प्रश्नाचा विचार करण्यास कुर्ल्यासारखे दुसरे ठिकाण नाही. 3 फेब्रुवारी 1925 रोजी भारतातील पहिली विजेची रेल्वेगाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून हार्बर मार्गाने सुटली ती कुर्ल्यापर्यंत. त्याआधीच, 1886 साली, जमशेटजी टाटांनी येथील धरमसी मिल विकत घेऊन तिची स्वदेशी मिल केली होती. पुढे प्रीमियरची मोटार येथेच तयार होऊ लागली. कोकणातून, घाटावरून आणि उत्तरेतून माणसे येथे आली ती यंत्राच्या ओढीने. यंत्राने त्यांचे गावातील गोत तोडले हे खरे. पण त्याच यंत्राच्या आसऱ्याने गिरणीचा दरवाजा, चाळीचा सामाईक नळ, व्यायामशाळा आणि लोकलचा डबा या नव्या ओळखीच्या जागा निर्माण झाल्या. डब्यातील भजनी मंडळे, पत्त्यांचे डाव, महिलांच्या डब्यातील हळदीकुंकू आणि दसऱ्याला गाडीला बांधलेली तोरणे ही सारी यंत्रयुगाचीच अपत्ये होत.

या सहवासाचे मोल केवळ भावनिक नव्हते. येथील कमानी ट्यूब्ज हा कारखाना बंद पडला तेव्हा कामगारांनी तो स्वतः चालविण्याची योजना मांडली आणि 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने तीस मान्यता दिली. पुढे हा प्रयोग टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. तथापि शेकडो कामगार आपले भवितव्य एकमेकांच्या हाती सोपविण्यास तयार झाले ते कशाच्या बळावर? वर्षानुवर्षे एका छपराखाली काम करताना जमलेला विश्वास हेच त्यांचे पहिले भांडवल होते. कोणत्याही बँकेच्या खात्यावर त्याची नोंद सापडणार नाही.

मग बिघडले कोठे? अर्थशास्त्राचा एक साधा नियम येथे उपयोगी पडतो. दुर्मिळ वस्तू वाटून घ्यावी लागते. स्वस्त झाली की ती खाजगी होते. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. चाळीत एखाद्याच्याच घरी संच असे आणि त्याच्या दारात सारा मजला गोळा होई. संच घरोघर आले आणि दारे लोटली गेली. टेलिफोनचेही तेच झाले. शेजारच्या घरचा फोन, मग नाक्यावरचा पीसीओ, मग प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल. यंत्राने आधी जोडले आणि मग वेगळे केले, असे दिसते. वस्तुतः जोडले होते ते टंचाईने.

म्हणून कोणी ती टंचाई परत मागणार आहे काय? ज्या सुनेला माहेरी बोलताना शेजाऱ्यांच्या साऱ्या घराने ऐकावे लागे, तिला मोबाईलने प्रथमच एकांत दिला. जौनपूरहून आलेल्या मजुराला मुलाचा चेहरा रोज दिसतो, हे लहान सुख नव्हे. आणि 2020 च्या टाळेबंदीत एका मोबाईलवर तीन भावंडांची शाळा भरली, तेव्हा अनेक घरांतील दुःख यंत्र अपुरे असण्याचे होते. जुन्या चाळीचे गोडवे गाणाऱ्यांनी तेथील जातीचा विटाळ आणि बायकांवरील पहारा विसरू नये.

आजचा खरा धोका श्रमाच्या क्षेत्रात आहे. कुर्ल्याच्या रस्त्यांवर पाठीवर पिशवी घेतलेली पोरे दिवसभर धावत असतात. त्यांना मुकादम नाही, पाळी नाही, दरवाजा नाही. काम मोबाईल देतो, दर मोबाईल ठरवतो आणि ग्राहकाने दिलेल्या ताऱ्यांवर रोजगार तोलला जातो. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालाने 2020-21 मध्ये अशा कामगारांची संख्या 77 लाख धरली असून 2029-30 पर्यंत ती 2 कोटी 35 लाख होईल असा अंदाज दिला आहे. गिरणीमालकाला कामगार एकत्र आणावेच लागत; त्यावाचून उत्पादन होत नसे. म्हणून 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार एका दिवशी संपावर जाऊ शकले. आजच्या मालकाला कामगार एकत्र आणण्याची गरजच उरलेली नाही. विखुरलेपणा हा त्याच्या व्यवस्थेचा पाया आहे.

परंतु हा पाया अभेद्य नाही. ऑगस्ट 2016 मध्ये लंडनमध्ये अन्न पोहोचविणाऱ्या डिलिव्हरू कंपनीच्या कामगारांनी वेतनाच्या नव्या पद्धतीविरुद्ध संप केला. निरोप व्हॉट्सॲपवरून फिरले. पण ओळखी आधी झाल्या होत्या त्या मागणीची वाट पाहत जेथे सारे थांबत त्या नाक्यांवर. निरोप यंत्र पोहोचवते. विश्वास मात्र समोरासमोरच जमतो. राजस्थानने 2023 साली अशा कामगारांसाठी कल्याणाचा कायदा केला, तोही संघटित मागणीवाचून झाला नाही.

यातून कार्यकर्त्यांचे काम स्पष्ट होते. मोबाईल सोडा, हा उपदेश व्यर्थ आहे. सहवासाला जागा लागते आणि वेळ लागतो. या दोन्ही गोष्टी भांडवलाने हिरावल्या असून त्या मागून घ्याव्या लागतील. पोहोचविणाऱ्या कामगारांना बसण्यापुरते छप्पर, पाणी आणि स्वच्छतागृह, ही मागणी महापालिकेपुढे ठेवता येईल. दर कोणत्या हिशेबाने ठरतो हे कामगाराला कळलेच पाहिजे, हा आग्रह कायद्यात आणता येईल. पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहतात तेथे वाचनालयाची खोली नकाशात आहे की नाही, हे बांधकामाआधी पाहता येईल. आणि शाखेची साप्ताहिक बैठक गटावरील संदेशांत उरकली जात असेल, तर ती पुन्हा खोलीत भरवता येईल. त्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. आरंभ तेथूनच व्हावा.