रोगापाठोपाठ येणारें भय



उत्सवाच्या मंगल प्रसंगीं रोगाचा विषय काढावा हें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु वर्धा जिल्ह्यांत राहणारांस तो परका नाहीं. १९३६ सालीं मनोहरजी दिवाण ह्यांनीं दत्तपूर येथें कुष्ठसेवा आरंभिली. १९३९ सालीं संस्कृत पंडित परचुरेशास्त्री तेंच दुखणें घेऊन सेवाग्रामीं आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांस झोंपडी दिली व स्वहस्तें त्यांच्या अंगास मालिश केलें. त्या काळीं ह्या रोगावर खात्रीचें औषध नव्हतें. दिला तो स्पर्शच.

आज आम्हांस बोलावयाचें आहे तें एच.आय.व्ही.विषयीं. येथें स्थिति उलट आहे. औषध आहे, आणि २००४ पासून सरकार तें विनामूल्य देतें. तें नित्य घेणारा मनुष्य दीर्घायुषी होतो. रक्तांत विषाणु सांपडेनासा होऊन तसाच राहिला तर पतिपत्नीच्या संबंधांतूनही तो पसरत नाहीं. एका ताटांत जेवल्यानें वा हात धरल्यानें तर मुळींच नाहीं. तरीही आपल्या देशांतील सुमारें २५ लक्ष बाधितांपैकीं कित्येक जण चाचणीस उशिरां येतात, कारण लाज आड येते. शेजारी पाहील म्हणून मनुष्य दूरच्या शहरीं औषधास जातो. मजुरी बुडते, मग खेपही चुकते. नवऱ्यापासून बाधा झालेल्या विधवेसच सासरीं अवदसा म्हणतात. महारोग्यास लोक पूर्वजन्मींचें पाप चिकटवीत. येथें ह्याच जन्माचा हिशेब मागतात, आणि हिशेब मागणारा बहुधा घरचाच असतो! अशा मनुष्याची झोंप जाते, अन्न गोड लागत नाहीं, आणि हें दुःख तो वैद्यासही सांगत नाहीं.

बाधितांस नोकरीवरून वा शाळेंतून काढूं नये, त्यांची गोष्ट गुप्त राखावी, असा कायदा २०१७ सालीं झाला. मनें मात्र कायद्याच्या मागें रेंगाळतात. कधीं कायदाही औषधाच्या मागें रेंगाळतो. महारोग बरा करणाऱ्या संयुक्त औषधांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं केली. त्यानंतर वीस वर्षांनीं, २००१ मध्यें, आम्हां ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोट कायद्यांत ‘असाध्य’ महारोग हें कारण म्हणून घालण्यांत आलें! तें निघालें २०१९ सालीं. औषधापासून इतकीं अडतीस वर्षें. ह्याच गतीनें गेलों, तर २००४ चें औषध आमच्या मनापर्यंत पोंचावयास २०४२ साल उजाडेल.