राळेचे विमान

श्रोतेहो, दिवाळी आली की आमच्या मार्गासनीच्या अंगणाअंगणांतून पोरे मातीचे किल्ले उभारतात. राजगड तर शेजारचाच. त्याची सुवेळा माची कोणीकडे आणि संजीवनी कोणीकडे, हे त्यांना चिखल लिंपता लिंपता ठाऊक होते. आज सांगायचे आहे ते अशाच एका उद्योगाविषयी. फरक एवढाच की येथे मातीऐवजी राळ आहे आणि किल्ल्याऐवजी नौदलाचे जेट विमान.

विमानाचे नाव 'सी हॉक'. आपली पहिली विमानवाहू नौका विक्रांत १९६१ साली नौदलात दाखल झाली. तिच्यावरून ही विमाने उडत. ४ डिसेंबर १९७१ रोजी त्यांनी कॉक्स बझारवर हल्ला चढवला. पुढे १९९७ साली विक्रांत निवृत्त झाली आणि २०१४ साली मोडीत निघाली. गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक पाहायला मिळते. पण आमच्या पोरांना तिथवर नेणार कोण? म्हणून मीच ते घरी आणायचे ठरवले, बत्तीस पटींनी लहान करून! मूळ विमान बारा मीटरांहून थोडे लांब, तेव्हा प्रतिकृती सुमारे अडतीस सेंटिमीटरची. शिक्षक मित्रांनो, भागाकार शिकवायला याहून चांगले उदाहरण ते कोणते?

राळेचे भाग कसे तयार होतात? पेणला गणपतीसाठी रबरी साचा वापरतात, तसाच हा प्रकार. दोन द्रव मिसळून साच्यात ओतायचे. ते तापतात आणि थोड्या वेळात घट्ट होतात. साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकट लेप भागांवर राहतो. तो साबणाच्या पाण्याने धुतला नाही, तर रंग धरत नाही. पंख वाकडा निघाला तर गरम पाण्यात धरून सरळ करावा. बुडबुड्यांची भोके लांबीने बुजवावीत. घासकाम मात्र ओल्या कागदाने आणि नाकातोंडावर मुखपट्टी बांधूनच करायचे, कारण ही धूळ छातीला वाईट. हे काम लहान मुलांच्या हाती देऊ नये.

आणखी एक. या विमानाला पुढे नाकाखाली चाक असते. नाकात शिशाचे वजन भरले नाही, तर प्रतिकृती शेपटीवर बसते. माझी पहिल्या खेपेस बसलीच!

पण खरी चूक वेगळीच होती. जेट म्हणजे शेपटीतून झोत, अशी माझी समजूत. म्हणून मी शेपटीला हौसेने भोक पाडले. गावचे एक वृद्ध नौसैनिक पाहायला आले. त्यांनी विमान हातात घेतले, बराच वेळ फिरवून पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, याचा झोत मागून नाही हो निघत. पंखांच्या मुळाशी, दोन्ही अंगांनी निघतो." मी पुस्तक उघडले. त्यांचेच खरे! झोताची नळी दुभागून बाजूंना काढलेली. त्यामुळे नळी आखूड झाली आणि मागच्या अंगात इंधनाला जागा मिळाली.

मी ओशाळलो. एम. ए. झालेला माणूस, पुस्तक घरात, आणि ते उघडण्याआधी हातात गिरमिट! त्याहून मनाला लागले ते निराळेच. हे गृहस्थ इतकी वर्षे आमच्या वाटेवरून जात-येत होते. त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते. त्या संध्याकाळी ते दोन तास बोलले. पोरे दारात दाटीने बसली होती.

ते भोक मी बुजवले. रंगाखाली ते आता दिसत नाही, पण मला कुठे आहे ते ठाऊक आहे.

तेव्हा गुरुजनहो, राळ महाग वाटली तर पुठ्ठा घ्या, माती घ्या. प्रमाण मात्र सोडू नका. आणि करवत उचलण्याआधी गावात एक फेरी मारा. ज्याने ती वस्तू हाताळली आहे असा माणूस कदाचित तुमच्याच आळीत असेल. त्याला आजच विचारा.