आई रानात गेल्यावर बाळाचा खाऊ



मोह पडायला लागला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतली बाई पहाटे अंधारातच टोपली घेऊन रानाकडे निघते. मे महिन्यात तेंदूपत्ता येतो, पावसाळ्यात धानाची रोवणी. वर्षाचं घर या महिन्यांवर चालतं, आणि नेमकं याच महिन्यांत आठ-दहा महिन्यांचं लेकरू आजीजवळ किंवा मोठ्या बहिणीजवळ राहतं. ते रडायला लागलं की दुकानातून पाच रुपयांचा पुडा येतो. बिस्किट चहात बुडतं आणि बाळाच्या तोंडात जातं. यात मी आजीला दोष देणार नाही, आईला तर मुळीच नाही. दिवसातून चार वेळा चूल पेटवून मऊ भात शिजवायचं बळ त्या आजीच्या अंगात नसतं. पुडा मात्र हाताशी असतो. म्हणून मी आज खिचडीऐवजी बिस्किटावर बोलणार आहे. आदल्या संध्याकाळी करून ठेवता येईल आणि आजीला नुसतं हातात देता येईल असं घरचं बिस्किट.

पुड्यातल्या बिस्किटात मुख्यतः मैदा, साखर आणि तेल. त्यानं भूक मरते, मग दुपारचा वरण-भात बाळ हातानं ढकलून देतं. वर चहा. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. जन्माच्या वेळी बाळाच्या अंगात असलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत आलेला असतो, आणि आईच्या दुधातून ती गरज भागत नाही. ज्या वयात लोहाची सर्वात जास्त निकड, त्याच वयात आपण त्याची वाट अडवतो.

असं बिस्किट करणं घरच्या बाईला जमेल का, असं मला विचारतात. गडचिरोलीत तरी हा प्रश्न पडू नये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, आणि त्या गावांतले नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं आणि घरोघरी नवजात बाळाची काळजी ही पद्धत इथून जगभर गेली. ज्या हातांनी ते केलं, त्यांना कोहळ्याचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, बिस्किट अवघड नाही.

कोहळंच घ्या, कारण ते छपरावर, कुंपणावर, जवळजवळ प्रत्येक वाडीत असतं. आपण त्याचे बोंडं करतो, पण ते तेलात तळलेले आणि गुळाचे. लहान बाळाला नकोत. कोहळ्याच्या फोडी वाफवा आणि फडक्यात बांधून थोडा वेळ टांगा. पाणी निथळणं महत्त्वाचं आहे. ते राहिलं तर पीठ जास्त लागतं आणि बिस्किट चिवट होतं. असा वाटीभर गर आणि एक पिकलेलं केळं एकत्र कुस्करा. त्यात भाजून दळलेल्या तांदळाचं वाटीभर पीठ, भाजलेल्या मूगडाळीचं अर्धी वाटी पीठ आणि दोन चमचे तूप घाला. कोहळ्याचा पिवळा रंग ज्या घटकाचा, त्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, आणि तो अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. तूप चवीपुरतं नाही, कामासाठी आहे. भामरागडकडे कोसरी हे भरडधान्य पिकतं, तिथं तांदळाऐवजी त्याचं पीठ चालेल. अंगणवाडीतून अंडं मिळत असेल तर एक फोडून घाला. अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या मुलांना अंडी किंवा केळी देतात, ती इथंही कामी येतात.

ओव्हनची काळजी नको. गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजणाऱ्या विदर्भाला भाजणं कुणी शिकवायला नको. जाड बुडाच्या गंजात तीन बोटं कोरडी वाळू घाला, झाकून तापवा. मधे लोखंडी कडं ठेवा, त्यावर तूप लावलेली ताटली. पिठाचे बोटाएवढे लांबट तुकडे वळून ताटलीत मांडा, झाकण घाला आणि चुलीतली लाकडं ओढून घ्या. मंद आचेवर पंचवीस ते तीस मिनिटं. बुडाला तांबूस डाग आले की झालं. ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनी 170 अंशांवर वीस मिनिटं ठेवावं.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगते. धान निघाल्यावर त्याच बांधीत आपण लाखोळी घेतो, घरात तिची डाळ भरपूर असते आणि स्वस्त पडते. तरी बाळाच्या बिस्किटात लाखोळीचं पीठ नको. तिच्यातला विषारी घटक मज्जातंतूंना इजा करतो, आणि ती सतत पोटात गेली तर पाय लुळे पडू शकतात. मूगच घ्या. तसंच रानातलं मध. ते कितीही शुद्ध असलं तरी वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही चाटवू नका. त्यात असू शकणारे जिवाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. मीठ आणि साखर घालायचीच नाही, केळ्याची गोडी पुरते. मोहफुलांची गोडी मलाही आवडते, पण ती वर्षानंतर, आणि तीही जमिनीवरून वेचलेली म्हणून नीट धुऊन, उकळून, वाटून थोडीशीच. चारोळी घालायची तर पूड करून. अख्खा दाणा नको.

दुकानातलं बिस्किट महिनोन्‌महिने टिकतं, कारण त्यात पाणी जवळजवळ नसतंच. आपलं ओलसर राहतं, म्हणून टिकत नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ते संध्याकाळी केलं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच वापरा. वास बदलला, चिकट लागलं, तर बाळाला देऊ नका. म्हणून एका वेळी थोडंच करा.

आणि ते मऊच हवं. वर्षाच्या आतल्या बाळासाठी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत सहज कुस्करलं जाईल इतकं. कडक बिस्किटाचा तुकडा मोडून घशात अडकतो. ही चिमटीची परीक्षा आजीला आणि त्या मोठ्या बहिणीला करून दाखवा, त्यांच्याकडून करूनही घ्या. सहा महिने पूर्ण झाल्यावर आणि बाळ आधारानं बसायला लागल्यावरच सुरुवात करा. बाळाला बसवून द्या, समोर बसून द्या. झोळीत निजलेल्या बाळाच्या हातात कधीच नाही. सोबत वाटीत उकळून गार केलेलं पाणी ठेवा. नवा पदार्थ एका वेळी एकच, मग दोन-तीन दिवस अंगावर पुरळ येतं का, पोट बिघडतं का ते बघा. आणि आई रानातून आली की आधी बाळाला अंगावर पाजू द्या. उरलेलं बिस्किट त्यानंतर.