सापसरड्यांचा बाजार



गेल्या हिवाळ्यांत जर्मनीहून माझ्या भाचीचें पत्र आलें. तिच्या गांवाजवळ एका रविवारीं साप, सरडे, कासवें आणि बेडूक यांचा बाजार भरला होता. तिचा नऊ वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर तेथें गेला आणि एका लहानशा अजगरासाठीं हट्ट धरून परत आला. भाची लिहिते : "मामा, तुम्ही जन्मभर प्राणिशास्त्र शिकविलेंत, म्हणून विचारतें. तो साप फारच गरीब आहे म्हणतात. हातांत घेतला तर चेंडूसारखा गोळा होऊन बसतो. घ्यावा कां?" पत्राच्या शेवटीं तिनें सहज कळविलें होतें कीं, धाकटी आतां रांगूं लागली आहे.

तिच्या प्रश्नाचें निम्में उत्तर त्या चेंडूंतच होतें. हा अजगर पश्चिम आफ्रिकेंतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो जगभर गेला. इंग्रजींत त्याला 'बॉल पायथन' म्हणतात. संकट आलें कीं अंगाचे वेढे घालून तो मधोमध डोकें लपवितो आणि शत्रु जाईपर्यंत तसाच राहतो. म्हणजे ज्या गुणामुळें तो गरीब म्हणून विकला जातो तें त्याच्या भीतीचें लक्षण आहे. नांवही त्यावरूनच पडलें. कुत्रें केकाटतें, पोपट ओरडतो. सापाला केकाटायला आवाज नाहीं आणि मिटायला पापणीही नाहीं. मग त्याच्या तोंडावर आपण आपल्याला हवा तो भाव वाचतों. यांत युरोपीय लोकांना हंसण्याचें कारण नाहीं. गारुड्याच्या पुंगीपुढें हलणारा नाग पुंगीच्या हालचालीवर डोळा ठेवून स्वसंरक्षणास सज्ज असतो, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या 'नागोबा डोलूं लागले' म्हणून हात जोडीत आलों आहों.

अशा बाजारांत मांडणी कशी असते, तें सांगतों. लांबच लांब मेजें, आणि त्यांवर झांकणाचे प्लास्टिकचे डबे, हलवायाच्या दुकानांत श्रीखंड मिळतें तसे. प्रत्येकांत एक प्राणी व वर किंमतीची चिठ्ठी. जर्मनींतील हाम या गांवीं वर्षांतून चार वेळां भरणारा बाजार या प्रकारांत फार प्रसिद्ध आहे. तो, इंग्लंडांतील एक व स्पेनांतील एक असे तीन बाजार कांहीं तज्ज्ञांनीं हिंडून पाहिले व २०१२ सालीं त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. पारदर्शक भिंतीला नाक घासणें व ती भेदून जाण्याचा पुनःपुन्हां यत्न करणें यांसारखीं ताणाचीं चिन्हें त्यांना तेथें आढळलीं. सापाला कांच किंवा प्लास्टिक हा अडथळा आहे हें उमगतच नाहीं.

डबा लहान असणें एवढीच गोष्ट असती तर एका दिवसापुरती ती सोसली असती. पण या प्राण्यांना आपल्यासारखी अंगची ऊब नसते. उन्हांत जाऊन तापावें, सावलींत जाऊन निवावें, आणि तेवढ्यावरच त्यांचें पचन, हालचाल व रोगाशीं झगडण्याची शक्ति चालावी, अशी त्यांची रचना आहे. चार बोटें रुंदीच्या डब्यांत ना ऊन ना सावली. बाहेरचा कान सापाला नसला तरी जमिनीचा कंप त्याला अंगभर जाणवतो. आणि येथें तर दिवसभर हजारों पावलें चालत असतात. त्यांतून साप आठवडेच्या आठवडे अन्नावांचून राहूं शकतो. त्यामुळें बाजारांत बिघडलेली प्रकृति उघडकीस येईपर्यंत विकणारा शेंकडों मैल दूर गेलेला असतो.

पाळणारे सगळेच निष्ठुर असतात असें मात्र मी म्हणणार नाहीं. त्यांच्यांत असे जाणते लोक आहेत कीं, ज्यांच्यापासून आम्हां प्राध्यापकांनीं शिकावें. पण बाजाराची ओढ निराळी असते. तेथें नवलाईला भाव येतो. बॉल पायथनची 'स्पायडर' नांवाची एक सुरेख नक्षीदार जात याच नवलाईपायीं वाढविली गेली. ती नक्षी ज्या आनुवंशिक गुणानें येते, त्याच गुणानें अंतःकर्ण सदोष होतो, असें २०२२ सालच्या संशोधनांत दिसून आलें. त्या सापाचें डोकें डुगडुगतें, कधीं तोल जाऊन तो उलटा होतो. तरी त्याला गिऱ्हाईक मिळतेंच.

शिवाय गिऱ्हाइकाचा निर्णय पावघटकेचा! अमेरिकेंत सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयांत या जातीच्या एका मादीनें २०२० सालीं अंडीं घातलीं, तेव्हां तिच्या वयाची साठी उलटली असावी असा तेथील अधिकाऱ्यांचा अंदाज होता. नऊ वर्षांचा मुलगा आजोबा होईपर्यंत हा पाहुणा घरीं राहूं शकतो.

आतां त्या रांगणाऱ्या मुलीविषयीं. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आंतड्यांत साल्मोनेला नांवाचे जंतु पुष्कळदां असतात. प्राणी स्वतः ठणठणीत असतो. आजारी पडतें तें मूल. मुलानें सापाला शिवलेंच पाहिजे असेंही नाहीं. मोठ्यांचे हात, जमीन, डबा धुतलेली मोरी, एवढेंही पुरतें. अमेरिकेंत चार इंचांहून लहान पाठीचीं कासवें पाळण्यासाठीं विकण्यास १९७५ सालीं बंदी झाली, ती मुलें तीं तोंडांत घालीत म्हणून. त्या बंदीनें दर वर्षीं सुमारें एक लाख मुलांचें दुखणें टळलें, असा सरकारी तज्ज्ञांचा अंदाज आहे. बाजारांत लोक दहा डबे हाताळतात आणि त्याच हातांनीं फराळ करतात. पांच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री किंवा फार वृद्ध माणूस घरांत असेल, तर हे प्राणी आणूंच नयेत, असें वैद्य सांगतात.

विषारी सापांची गोष्ट तर शेजाऱ्यांपर्यंत पोंचते. २०१९ च्या ऑगस्टांत जर्मनींतील हेर्ने शहरीं एका घरांत नाग मोकळा सांपडला. बंगालकडे आढळतो तो, फण्यावर एकच वर्तुळ असलेला. सुमारें ३० रहिवाशांना कित्येक दिवस घराबाहेर काढावें लागलें. १ जानेवारी २०२१ पासून त्या प्रांतांत खासगी माणसांना असे प्राणी नव्यानें पाळण्यास मनाई झाली. आपल्याला हें दूरचें वाटूं नये. जून २०२५ च्या आरंभीं मुंबईच्या विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानांत डझनावारी विषारी साप सांपडले. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांसाठीं तयार होतें. परदेशी साप एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर चावला, तर डॉक्टरांनीं काय टोंचावें?

उलट दिशेनेंही वाहतूक चालते. आपलें तारांकित कासव, पाठीवर पिंवळ्या चांदण्या असलेलें, पिशव्यांतून भरून परदेशीं चोरलें जातें. २०१९ सालीं त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. इकडे कांहीं घरांत तें भाग्याचें म्हणून अजूनही ठेवलें जातें. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें तो गुन्हा आहे. असें कासव कोणापाशीं असेल तर त्यानें वनखात्याला कळवावें. बागेंत किंवा तळ्यांत सोडूं नये. तें कोरड्या माळरानाचें आहे, पाण्यांत बुडून मरतें.

भाचीला मीं लिहिलें, साप घेऊं नये. पुढच्या बाजाराला मुलाला जरूर न्यावें, पण पैसे घरीं ठेवावे, आणि त्याला वही देऊन एकाच डब्यापुढें अर्धा तास उभें करावें. वसंत ऋतूंत तो गेला. वहीचें पान त्यानें मला पाठविलें. मराठी मोडकें, अक्षर मोठें. "नाक भिंतीला घासतो. सतरा वेळां. मग थांबला. मग एका काकूनें डबा उचलून हलविला. मग चेंडू झाला. मग मी घरीं आलों."