बोरूचं टोक

चीनमध्ये मिंग राजवटीत, शांघायजवळच्या ज्याडिंग गावी, झू घराण्याच्या तीन पिढ्यांनी बांबूच्या कांड्यावर डोंगर, झाडं, माणसं कोरून विद्वानांचे कुंचले ठेवायची पात्रं घडवली. आपल्याकडे मात्र सगळी कारागिरी उतरली ती बोरूच्या टोकात.

वाळलेला बोरू चाकूने तिरका तासायचा, आतला गर खरवडायचा, मधोमध बारीक चीर द्यायची आणि टोक एका फटक्यात तिरपं छाटायचं. चीर बिघडली की शाई उतरत नाही. छाट साधली की अक्षराला जाड-बारीक वळण आपसूक येतं. फार देखणं काम हे! मोडी लिहिताना आधी आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली हात न उचलता धावतं अक्षर. पेशवे दफ्तरातले असे निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले.

टेंभी नाक्याच्या मंडळींनो, जुन्या हस्तलिखितांचे मोठे संग्राहक वि. ल. भावे आपल्या ठाण्याचेच. १८९३ साली इथलं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं, त्यात त्यांचा पुढाकार होता. तुमच्या घरी, माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी कागद असतील, तर ते रद्दीत घालू नका. आधी मोडी जाणणाऱ्याला दाखवा.