पोराचे डोके दुखते तेव्हा



आज आम्ही एका साध्या दुखण्याविषयी बोलणार आहोत. ते म्हणजे मुलांची डोकेदुखी.

मोठ्या माणसाचे डोके दुखले, तर घर गप्प बसते. कुणी चहा करते, कुणी बाम चोळते. पण पोरगे म्हणाले, "आई, डोकं दुखतंय," तर आपण काय म्हणतो? "एवढ्याशा पोराचं डोकं कशाला दुखतंय? शाळा बुडवायचं सोंग आहे!" असे म्हणतो की नाही?

आम्हीही असेच म्हणत होतो. ती आमची चूक आधी सांगतो.

1986 साल होते. आम्ही पाचवीला शिकवीत होतो. वर्गात मेंढपाळाचा एक मुलगा होता. तोंडी हिशेब फडाफड सांगायचा. पण आम्ही फळ्यावर लिहायला लागलो की कपाळ धरून बसायचा. "गुरुजी, डोकं दुखतंय." रोज तेच. आम्हाला वाटले, पोरगे लबाड आहे. आम्ही त्याला छडी मारली. उन्हात उभे केले. दिवाळीची सुट्टी संपली आणि तो शाळेत आलाच नाही.

दोन वर्षांनी गावात डोळ्यांचे शिबीर झाले. आजीचा मोतीबिंदू दाखवायला तो तिचा हात धरून आला. डॉक्टरांनी त्याचेही डोळे तपासले. काचा बदलून बदलून लावल्या. एकदम तो म्हणाला, "गुरुजी, देवळावरची पाटी वाचता येतीया!"

आम्ही मान खाली घातली. पोराला लांबचे दिसतच नव्हते. डोळे बारीक करकरून त्याचे डोके दुखत होते. त्याला चष्मा मिळाला. पण शाळा सुटली ती सुटलीच. ते आमच्या मनाला अजून लागते. म्हणून आजचे हे बोलणे.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की मुलाचे म्हणणे खरे धरा. त्याला जवळ घ्या आणि विचारा. कुठे दुखते? कधीपासून? सकाळी काय खाल्लेस? रात्री झोप झाली का? पडलास का? अर्धे कारण या विचारण्यातच सापडते.

पुष्कळदा कारण साधे असते. पोर सकाळी नुसता चहा पिऊन शाळेत जाते. दुपारपर्यंत पोटात काही नाही. मग डोके दुखणारच. शिळी भाकरी का होईना, दूध किंवा वरण घालून खाऊ घाला. पण उपाशी पाठवू नका.

दुसरे कारण पाणी. उन्हाळ्यात मुले घाम गाळतात, पण पाणी प्यायचे विसरतात. मुलींचे आणखी वेगळे असते. शाळेतला संडास घाण असला, तर त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे त्या कुणाला सांगत नाहीत. आयांनी विचारावे. आणि संडास साफ ठेवावा म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत बोलावे.

तिसरे कारण झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तास तरी झोप हवी. आता घरोघरी मोबाईल आला आहे. पोरगे पांघरुणात मोबाईल घेऊन रात्र काढते आणि सकाळी डोके धरते. रात्री मोबाईल मुलाच्या अंथरुणात नको. हा नियम मोठ्यांनीही पाळावा. नाहीतर पोर ऐकणार कसे?

चौथे कारण डोळे. पोर फळ्याजवळ सरकून बसते का? पुस्तक नाकाशी धरते का? डोळे बारीक करते का? मग डोळे तपासून घ्या. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्यात शाळेत मुलांची तपासणी होते. त्या दिवशी पोराला शेतावर नेऊ नका. चष्मा लागला तर लाजू नका. "चष्म्याने मुलीचं लग्न अडेल," असे म्हणू नका. न दिसता शाळा सुटली, तर तिचे अधिक अडते.

पाचवे कारण मनातले. घरात रोज भांडण, बापाची दारू, शाळेत मार किंवा परीक्षेची भीती. मन दुखते तेव्हाही डोके खरोखर दुखते. ते सोंग नव्हे. अशा पोराला गोळी नको. त्याला धीर द्या आणि घरात शांतता ठेवा.

मुलांना अर्धशिशीही होते. नावावर जाऊ नका. मोठ्यांची एक बाजू ठणकते, मुलांचे पुष्कळदा सारे कपाळच दुखते. मळमळते, उलटी होते, उजेड आणि गलका सोसत नाही. थोडे झोपले की बरे वाटते. आईला किंवा बापाला अर्धशिशी असली, तर मुलालाही असू शकते. असे वरचेवर होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आता डोके दुखत असताना काय करावे? मुलाला अंधाऱ्या, हवेशीर जागी निजवा. पाणी द्या. भूक असेल तर खायला द्या. कपाळावर गार पाण्याची घडी ठेवा. पुष्कळ पोरे एवढ्यानेच उठून खेळायला लागतात.

दुखणे थांबले नाही, तर पॅरासिटामॉल देता येते. पण त्याचे माप वजनावर असते. एका किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. म्हणजे 20 किलोच्या मुलाला 200 ते 300 मिलिग्रॅम. मोठ्यांची गोळी 500 ची असते. ती अख्खी त्याला चालणार नाही. पातळ औषधाच्या बाटल्याही कमीजास्त जोराच्या असतात. म्हणून आशाताईंना किंवा नर्सबाईंना बाटली दाखवून माप विचारा. दोन वेळांच्या मध्ये सहा तास जाऊ द्या. आणि ॲस्पिरिन मुलांना मुळीच देऊ नका. त्याने क्वचित यकृताला आणि मेंदूला मोठी इजा होते. आठवड्यात दोन-तीन दिवसांहून अधिक गोळी लागत असेल, तर गोळी थांबवून दवाखाना गाठा. फार गोळ्या घेण्यानेही डोके दुखते.

कानशिलाला चुना किंवा बिब्बा लावू नका, कातडी भाजते. डाग तर कधीच देऊ नका. दृष्ट काढायची तर काढा. पण त्यापायी दवाखान्याची वेळ दवडू नका. थंडीत पेटती शेगडी खोलीत ठेवून दार लावून निजू नका. तो वायू डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही. आधी डोके दुखते, आणि झोपेतच जीव जातो.

आता सर्वांत महत्त्वाचे. पुढील खुणा दिसल्या तर घटकाभरही थांबू नका.

ताप आहे आणि मान ताठली आहे, हनुवटी छातीला टेकत नाही. डोक्याला मार लागला आणि नंतर उलट्या होतात किंवा गुंगी येते. झटके येतात. पोर बरळते, हाक मारली तरी ओ देत नाही. एकाचे दोन दिसू लागतात किंवा चालताना तोल जातो. एकाएकी कधी नव्हे एवढे डोके दुखते.

अशा वेळी 108 ला फोन करा. महाराष्ट्रात ही गाडी 2014 पासून आहे. तिला पैसे पडत नाहीत. मेंदूच्या आवरणाला सूज आली असेल, तर काही तासांत पोर हातचे जाते. वेळेवर औषध मिळाले तर वाचते.

आणखी काही मुलांना लवकर दाखवावे. दुखण्याने रात्री झोपमोड होते, किंवा रोज सकाळी उठताच डोके दुखून उलटी होते. दुखणे आठवड्यागणिक वाढत जाते. पोर पाच वर्षांच्या आतले आहे आणि वरचेवर डोके धरते. अशा मुलांना त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.

एक वही करा. आता तुम्हाला लिहिता येते. तारीख लिहा. किती वाजता दुखले, त्याआधी काय खाल्ले, झोप किती झाली, काय केल्याने थांबले, ते लिहा. महिनाभराची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांना तिचा मोठा उपयोग होतो.

तो मेंढपाळाचा मुलगा आता बाप झाला आहे. आम्ही निवृत्त होण्याच्या आधी त्याची मुलगी आमच्याच शाळेत आली. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "गुरुजी, हिचे डोळे तपासून आणलेत. पण ही डोकं दुखतंय म्हणाली, तर ऐकून घ्या."

बंधुभगिनींनो, आमचेही तुम्हाला तेवढेच सांगणे आहे. पोर सांगेल तेव्हा ऐकून घ्या.