उन्हाचा वाटा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'वीज आणि न्याय' हा विषय ऐकावयास जड वाटतो. पण तो आपल्या घरातलाच आहे.

आपल्या नागपूरजवळ कोराडी व खापरखेडा येथे कोळशावर वीज होते. उजेड दूरदूर जातो, राख मात्र शेजारच्या गावांच्या वाट्यास येते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला व ती राख शेतांत शिरली. म्हणून उन्हाच्या विजेचे आपण स्वागतच केले पाहिजे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान सूर्यघर योजना काढली. छतावर एक किलोवॅटचा संच बसविल्यास ३०,००० रुपये, दोनास ६०,००० आणि तीन वा अधिकास ७८,००० रुपये अनुदान ठरले. वैशाखात ज्या उन्हाला आपण नावे ठेवतो, तेच आता आपले बिल भरणार!

परंतु हे अनुदान मागावयाचे मोबाईलवर. नोंदणी, ओटीपी, बिल, बँकेचे खाते! शिकलेली मुले घरी असतील तर काम चटकन होते. पण जिचे बिल अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावे आहे, जिच्या घरचा एकुलता मोबाईल मुलाच्या खिशात आहे, तिने काय करावे? आणि भाडेकरू भगिनीस तर छतच नाही.

नव्या मीटरचेही तसेच. जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरांस सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील विजेवर सवलत सुरू झाली. आपण दुपारी धुलाईयंत्र लावू आणि पैसे वाचवू. पण त्याच वेळी आपल्याकडे भांडी घासणारी बाई स्वतःच्या घरचे बटण दाबते ते दिवस मावळल्यावर. तिच्या वाट्यास सवलत ती किती येणार?

म्हणून माझी सूचना अशी, की मंडळाने महिन्यातून एक दुपार या कामास द्यावी. मोबाईल जाणणाऱ्या लेकीसुनांनी अर्ज भरून द्यावेत, बिलावरील नाव बदलण्याचे कागद समजावून द्यावेत. ओटीपी मात्र जिचा तिनेच टाकावा; फोनवर परक्यास कदापि सांगू नये. कामवाल्या भगिनींना सवडीची वेळ विचारून मगच ती दुपार ठरवावी. आणि घरमालकिणींनी छतावरच्या बचतीतला थोडा वाटा भाडेकरूसही द्यावा.

ऊन साऱ्या अंगणांत सारखेच पडते; पुढची वाटणी तेवढी आपल्या हाती आहे.